न हलवलेली बकुळ

झाडं एकमेकांशी मोकळेपणानं बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. रावजीबाबांच्या नर्सरीत सोनचाफा आणि बकुळ शेजारी शेजारी पिशव्यांत वाढत होते. बाबा दर महिन्याला रोपांच्या पिशव्या उचलून दुसऱ्या जागी ठेवायचे. पिशवीतून खाली उतरू पाहणारी मुळं तेव्हा तुटायची आणि चाफा कळवळायचा. म्हातारा आपल्यावर डूख धरून आहे, असंच त्याला वाटे. कारण बकुळ लाडकी. तिला बाबा कधीच हलवत नसत. ती कशी तरारली होती! चाफा आपला खुरटलेला.

एकदा हेमलताबाई नव्या घराच्या अंगणासाठी झाड घ्यायला आल्या. त्यांनी थेट बकुळीवर बोट ठेवलं. बाबा पिशवी उचलायला गेले, तर ती जागची हलेना. जोर लावला, तसा खाली कडकन आवाज झाला. पिशवी फोडून जमिनीत खोल गेलेलं सोटमूळ तुटलं होतं.

"ही आता जगायची नाही, ताई," बाबा कसंबसं बोलले. "चाफा न्या."

चाफ्याला उचलून गाडीत ठेवलं. बकुळीनं क्षीण आवाजात विचारलं, "तुला उचललं, तेव्हा दुखलं नाही का रे?"

"नाही गं," चाफा म्हणाला. "माझं आधीच दुखून झालंय."