डाव्या कोपऱ्यातला फोटो

"पण मग माझी चूक कुठं झाली, एवढंच सांगा."

निनाद तिसऱ्यांदा हेच विचारत होता. तापीकाठच्या मठाच्या ओसरीवर केवळबुवा मेथी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय काय केलंस, ते सांग."

निनाद पुण्याला नोकरी करायचा. वडील, नाना, चोपड्याला एकटेच. नानांचा फोन, बायकोचा, बहिणीचा, मुलांचे टॅब, असे सगळे मिळून सात. त्या सातांवरची ॲप्स तो आपल्या कॉम्प्युटरवरून अपडेट ठेवायचा. दर रविवारी, न चुकता.

"एकही जुनं राहू द्यायचा नाहीस?"

"एकही नाही, बुवा." एवढ्या दुःखातही त्याच्या आवाजात ताठा आला. "जुनं ॲप म्हणजे चोराला उघडं दार. नानांना कुणी फसवू नये, म्हणून तर..."

"हं."

"नानांना विसरायला व्हायचं. जेवलो की नाही, तेही आठवायचं नाही. पण फोन यायचा करता. मीच शिकवला. खाली डाव्या कोपऱ्यात माझा फोटो, त्यावर बोट ठेवायचं. एवढं शिकायला दोन महिने लागले त्यांना. मग रोज चार वाजता फोन यायचा."

"आणि?"

"त्या रविवारी फोनच्या ॲपचं नवीन व्हर्जन आलं. मी सगळीकडे टाकलं. त्यात तो फोटो... दुसऱ्या पानावर गेला."

बुवांचे हात थांबले.

"सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी मीच केला. उचलला नाही."

"मग?"

"कॉम्प्युटरवर पाहिलं. त्यांचा फोन चालू दिसत होता. सगळं अपडेट. म्हटलं, झोपले असतील... कामात होतो."

पुढचं त्याला शेजारच्या विमलमावशींनी सांगितलं होतं. तीन दिवस नाना खाटेवर बसून त्याच कोपऱ्यात बोट दाबत होते. टोक लाल झालं तरी दाबत होते. मावशींना त्यांनी एकदाच विचारलं, "त्यानं मला काढून टाकलं का गं?"

गुरुवारी भर दुपारी ते कुणाला न सांगता एसटी स्टँडवर गेले. पुण्याची गाडी कुठं लागते, म्हणून दिसेल त्याला विचारत राहिले. एप्रिलचं ऊन. तिथंच पडले.

निनाद पोचला तेव्हा त्यांना पांढऱ्या चादरीखाली ठेवलं होतं.

"कुणालाही विचारा, बुवा. अपडेट करायलाच हवं की नाही?"

"करायलाच हवं."

"मग मी चुकलो कुठं?"

नदीवरून गरम वारा आला, मेथीची पानं ओसरीभर उडाली. कुणी ती गोळा केली नाहीत.

"त्यांचा फोन कुठंय?"

"पिशवीत आहे... रोज चार्ज करतो."

"दे इकडे. आणि तुझ्यावरून त्यांना लाव."

"बुवा..."

"लाव."

निनादनं लावला. बुवांच्या हातातला फोन वाजू लागला. पडद्यावर निनादचं नाव आलं.

बुवांनी हिरव्या गोलावर बोट ठेवलं. फोन वाजतच राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं. मग जोरानं. मग अंगठ्यानं. सुरकुतलेलं बोट काचेवरून हटेना.

"तसं नाही, बुवा. दाबायचं नाही. वर सरकवायचं. नवीन व्हर्जनमध्ये..."

बोलता बोलता तो थांबला.

मंगळवारी असंच वाजलं असणार. असंच बोट...

त्याच्या हातातला फोन मांडीवर पडला. त्यानं दोन्ही कान गच्च दाबून धरले.

"बंद करा... बुवा, पाया पडतो तुमच्या, बंद करा तो."

बुवांनी फोन उलटा केला, सुलटा केला. वाजत होताच.

"कुठून बंद करतात, मला ठाऊक नाही."