यमुनाक्काची गाठ

एका गावात एक कासारीण होती आणि तिची एक मोटारसायकल होती. दोघींचाही आवाज मोठा, आणि दोघीही कुणाला वाट देत नसत. कासारणीचं नाव यमुनाक्का. नवऱ्यामागं ती गाडी घरात उभी राहिली, तेव्हा भावकी म्हणाली, "विकून टाक. बाईमाणसाला काय करायचीय?"

"चालवायचीय," यमुनाक्का म्हणाली. "बघायला या."

भावकी बघायला आली. यमुनाक्का पहिल्याच वळणाला उकिरड्यात गेली. लुगडं झटकून उठली, गाडी उभी केली आणि पुन्हा किक मारली. त्यानंतर ती उकिरड्यात गेली नाही, आणि भावकी तिच्या वाटेला गेली नाही.

पण कासाराचा माल म्हणजे काच, आणि वाड्यावस्त्यांचे रस्ते म्हणजे नुसते दगडगोटे. सुरुवातीला निम्म्या बांगड्या वाटेतच वाढल्या. कासाराच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण तसं म्हटल्यानं ती काही सांधत नाही.

मग यमुनाक्का अंगणात बसली. तेलाचा पत्र्याचा डबा कापून तिनं पेटी केली. सायकलच्या टाकून दिलेल्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि बांगड्यांचा लाकडी खोका पेटीत पाळण्यासारखा टांगला. पट्ट्यांना गाठ मारली ती तिची स्वतःची. ओढ बसली की आवळायची, धक्का बसला की सैल पडायची, पण सुटायची मात्र नाही. गाडी खड्ड्यात आपटली तरी खोका आत नुसता झुलायचा. हातपंपाच्या मोडक्या नळीचा तिनं पुढं गार्ड केला, चिखलात रुतू नये म्हणून स्टँडच्या पायाला डब्याचं झाकण ठोकलं आणि हँडलला रबरी भोंगा बांधला. भोंगा वाजला की पुढच्या गल्लीतल्या पोरी हात धुऊन तयार राहायच्या.

स्वतःच्या डोक्यानं शिकलेलं माणूस जरा ताठ चालतं. यमुनाक्का फारच ताठ चालायला लागली. आपली अक्कल कुणी चोरेल या धास्तीनं तिनं पेटीवर मेणकापड शिवलं आणि पेटी गाडीला रिबिटा मारून पक्की केली. एवढ्यानंही समाधान होईना. भोंग्यामुळं हॉर्नचं बटण रिकामंच होतं. तिनं वायरी अशा फिरवल्या, की ते बटण दाबून धरल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये. हे गुपित तिला ठाऊक आणि गाडीला ठाऊक.

त्याच वाटेनं नबीलाल भांडीवाला फिरायचा. त्याची मोटारसायकल म्हणजे चालती वरात. पातेली, तांबे, पराती सगळीकडून लटकलेल्या. गावात शिरेपर्यंत प्रत्येक भांड्याला पोचा आलेला. बायका नाक मुरडायच्या, "नबीभाई, नवं भांडं दे की रे, वापरलेलं नको!"

एकदा बाजारात त्यानं हात जोडून विचारलं, "अक्का, तुमची काच शाबूत आन् माझं स्टील चेपतंय. त्या पेटीत काय देव बसवलाय का?"

"अक्कल बसवलीय," यमुनाक्का म्हणाली. "तुला पेलायची नाही."

"थोडी उसनी द्या की."

"उसनी द्यायला ती काय विरजण आहे? चल, निघ. तुझ्या पराती वाजायला लागल्या की माझ्या गिऱ्हाइकाला माझा भोंगा ऐकू येत नाही."

नबीलाल हसला आणि खडखडत निघून गेला. त्याला राग धरता यायचा नाही. त्याच्या गाडीवर जागाच नव्हती.

पुढं खिंडीपलीकडच्या वस्तीवर एक लग्न निघालं. नवरी होती वत्सला. तिच्या आजीला बांगड्या भरल्या यमुनाक्काच्या सासूनं, आईला भरल्या यमुनाक्कानं. पोरीनं घरात सांगून ठेवलं होतं, "हिरवा चुडा भरीन तर अक्काच्याच हातानं." आणि चुडा भरल्याशिवाय हळद लागत नाही. साऱ्या भावकीच्या बायकाही भरणार, म्हणून यमुनाक्कानं खोका काठोकाठ भरला आणि सकाळीच निघाली.

ओढ्याच्या उताराला एक शेळी आडवी आली. यमुनाक्कानं शेळी वाचवली, गाडी वाचवली, आणि स्वतः आडवी झाली. उठून आधी पेटी उघडली. एकही बांगडी वाढली नव्हती. मग तिचं लक्ष डाव्या मनगटाकडं गेलं. ते भाकरीसारखं फुगत होतं. क्लच दाबायला गेली आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले.

शेळीमागून मेंढका धनगर आला. ओढ्यावर घोडी धुणारा एक पैलवान आला. "सरका अक्का, मी सोडतो तुम्हाला," म्हणत पैलवानानं किक मारली. परत मारली. शर्ट काढून मारली. गाडी ढिम्म. त्याच्या कपाळावरून घाम निथळायला लागला.

"ही गाडी आहे का माजलेली म्हैस?" तो धापा टाकत म्हणाला.

गुपित सांगायचं यमुनाक्काच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "तुझ्याच पायात जोर नाही," म्हणाली. पैलवान रुसून घोडीकडं गेला.

ऊन वर चढलं. पेटी डोक्यावर घेऊन चालत जावं, तर ती गाडीवरून निघत नव्हती, तिनंच पक्की केलेली. खिंडीपलीकडून हलगीचा आवाज यायला लागला. तिकडं वत्सला मोकळे हात घेऊन पाटावर बसली असेल, बायका वाटेकडं बघत असतील, आणि कुणीतरी म्हणत असेल की तालुक्याहून दुसरा कासार बोलवा. तीन पिढ्यांचं घर हातचं चाललं होतं, आणि चोर कोण म्हणाल तर तिचंच कुलूप.

इतक्यात खडखडाट ऐकू आला. नबीलाल! त्यानं एका नजरेत सगळं ओळखलं. आपली गाडी बाजूला लावली, भांडी उतरवून मेंढक्याच्या हवाली केली आणि म्हणाला, "बसा मागं. मी चालवतो."

यमुनाक्कानं वर बघितलं, खाली बघितलं. शेवटी म्हणाली, "आधी डोळे मिट. मी सुरू करून देते."

"डोळे मिटून गाडी कशी चालवू, अक्का?"

"सुरू होईपर्यंतच रे!"

"आणि खिंडीत बंद पडली तर? परत मिटू? मग खाली दरीच हाय."

मेंढका खो-खो हसला. यमुनाक्कालाही हसू फुटलं, आणि हसण्याबरोबर आतलं काहीतरी सैल झालं. "हॉर्नचं बटण दाबून धर, मेल्या," ती म्हणाली. "आणि मार किक."

गाडी पहिल्या किकेला सुरू झाली. लांबून पैलवान ओरडला, "आधी सांगायला काय झालं होतं?" यमुनाक्कानं मागूनच हात लांबवून भोंगा वाजवला.

लग्नघरी हलगी थांबली आणि बायकांनी वाट करून दिली. पण चुडा भरायला दोन हात लागतात. एकानं तळवा दाबायचा, दुसऱ्यानं बांगडी चढवायची. यमुनाक्काचा एकच चालत होता. तिनं नवरीच्या आत्याला पुढं ओढलं. "ये इकडं. अंगठा आत दुमड, करंगळीखालचं हाड दाब. असं नव्हे, कणीक तिंबतेस का? हळू!" कासाराच्या घराबाहेर कधी न गेलेला तोही धडा त्या दिवशी मांडवात गेला. एकही बांगडी वाढली नाही. वत्सला हिरव्या हातांनी पाया पडली. यमुनाक्का म्हणाली, "त्या भांडीवाल्याच्याही पड. आणि त्याला जेवायला वाढा, त्याची भांडी ओढ्यावर उन्हात बसलीत."

मनगट बरं झाल्यावर तिनं पेटीवरचं मेणकापड फाडून काढलं आणि नबीलालला अंगणात बसवून गाठ शिकवली. त्याचा हात जडच निघाला, म्हणून तिला ती पुन्हा पुन्हा बांधून दाखवावी लागली. त्याच्या पातेल्यांचे पोचे गेले. मग अंडीवाला आला, लोणच्याच्या बरण्या विकणारी आली. यमुनाक्का सगळ्यांना शिकवायची आणि सगळ्यांना शिव्या द्यायची.

पुढच्या साली एका लांबच्या जत्रेला जाताना तिच्या पेटीची पट्टी तुटली. मुलूख परका, ओळखीचं चिटपाखरू नाही. तेवढ्यात रस्त्यानं जाणारा एक अनोळखी कुंभार थांबला. त्यानं आपल्या गाडीवरची जादा ट्यूब कापली आणि भराभर गाठ मारली.

यमुनाक्का बघतच राहिली. "ही गाठ कुणी शिकवली रे तुला?"

"आमच्याकडं सगळेच मारतात. यमुनाक्काची गाठ म्हणतात हिला. कोण होती देवाला ठाऊक, पण माझी मडकी तिच्या जिवावर चाललीत."

यमुनाक्कानं त्या गाठीवरून हळूच बोट फिरवलं. पण ती यमुनाक्काच होती.

"शेवटचा वेढा उलटा घातलायस," ती म्हणाली. "सोड. नीट दाखवते."

तात्पर्य: झाकून ठेवलेली अक्कल अडल्या वेळी धन्याच्याच वाटेत आडवी पडते, वाटून टाकलेली अक्कल परक्या मुलखातही आपल्या आधी पोचून हात द्यायला उभी असते.