उलटा बिल्ला

“...पण एकाच सकाळी बावीस पायलट आजारी कसे पडतात मास्तर, एवढंच सांगा मला!”

पळसुले मास्तर बशीत चहा ओतत होते. ते ओततच राहिले.

विचारणारा कॅप्टन उन्मेष राजहंस. पस्तीस वर्षांपूर्वी तापीकाठच्या याच फ्लाइंग क्लबात मास्तरांनी त्याला उडायला शिकवलं. आता तो एका विमान कंपनीत साहेब आहे. पायलटांच्या ड्युट्या, सुट्या, नोकऱ्या सगळं त्याच्या सहीवर. मुंबईहून गाडी हाणत आला होता.

मी तिथेच बसलो होतो. इथलं ट्रेनिंग मी अर्ध्यावर सोडलंय. त्यामुळे मी असलो काय, नसलो काय, दोघांना फरक पडत नव्हता.

“पोटदुखी, पाठदुखी, ताप. पहाटे चार वाजता, मोबाइलवर एका ओळीचा मेसेज. आपल्या वेळी होतं का असं?”

“आपल्या वेळी...” मास्तर म्हणाले, आणि बशी खाली ठेवली.

झालं. दोन्ही म्हातारे त्या गल्लीत शिरले.

कापडी पंखांचं, पुष्पक नावाचं ते शिकाऊ विमान. धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलायला मास्तर सायकलवरून जायचे, गळ्यात शिट्टी. पहिल्यांदा एकटा उडून आलेल्याच्या डोक्यावर हौदातलं गार पाणी, बादल्याच्या बादल्या. मग ओल्या कपड्यांनीच पंखाच्या सावलीत बसून भरीत आणि कळण्याची भाकरी.

त्या विमानाला सुटे भाग मिळायचे नाहीत, रेडिओ अर्धा वेळ बंद असायचा, ते दोघांपैकी एकानेही काढलं नाही. आठवणी काढताना यांना बरोबर तेवढंच विसरता येतं.

पण खोटं कशाला बोलू? ऐकता ऐकता मलाही त्या सावलीत जाऊन बसावंसं वाटलं.

“काय दिवस होते मास्तर,” राजहंस म्हणाला.

“विश्रांतीचे तास कमी केलेत म्हणे तुम्ही.” मास्तर हळूच म्हणाले.

“काय?” त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला.

“पोरांचे विश्रांतीचे तास. या वर्षात दोनदा कमी केलेत.”

“नियमात बसतं ते.”

“आणि कुणी आजारी म्हटलं की त्याच्या घरी माणूस पाठवता.”

“खात्री करायला! एक जण आजारी म्हणे, आणि भाच्याच्या मुंजीत जेवत होता. पंगतीतला फोटो आहे माझ्याकडे.”

“जेवण बरं होतं का?”

राजहंस हसला नाही. बॅगेतून त्याने कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. “बावीस पत्रं आहेत. कामावरून काढल्याची. बावीसातली सात पोरं तुमच्या हातची आहेत मास्तर. तुमचा शब्द ती मोडणार नाहीत. तुम्ही फक्त फोन करा, या म्हणावं कामावर. नाहीतर आज संध्याकाळी मी सह्या करतो. आणि उद्या सकाळची पहिली फ्लाइट मी स्वतः नेतो. बघू दे त्यांना, पायलट कसा असतो ते!”

मास्तर उठले. गुडघे धरून, सावकाश. भिंतीपाशी गेले.

भिंतीवर लाकडी फळी. फळीला खिळे, खिळ्यांना पत्र्याचे गोल बिल्ले. एका बाजूला पांढऱ्या रंगात नाव, दुसरी बाजू कोरी. कोणे एके काळी शिकलेल्यांचेसुद्धा बिल्ले मास्तरांनी काढलेले नाहीत.

“आठवतं?”

“न आठवायला काय झालं! बिल्ला उलटा केला, की आज उडणार नाही.”

“आणि?”

“आणि... कारण विचारायचं नाही. तुमचा नियम.”

“तू किती वेळा केलास उलटा?”

“केला असेल चार-पाच वेळा.”

“अकरा. त्यात तीनदा भुसावळला सिनेमाला गेला होतास.”

राजहंसचा चेहरा उतरला. “तुम्हाला माहीत होतं?”

“दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत यायचास, गाढवा.”

“मग बोलला का नाहीत?”

मास्तरांनी एका बिल्ल्यावर बोट ठेवलं. गंजलेला होता. नाव वाचता येत होतं. दिलावर तडवी.

“मी एकदाच विचारलं,” मास्तर म्हणाले.

...

ही गोष्ट मास्तर नवीन पोरांना सांगत नाहीत. मलाही सांगितली नव्हती. नियम तेवढा सांगतात, अभिमानाने. नियम कुणाच्या जिवावर पक्का झाला, ते गिळून टाकतात.

“तीन दिवस उलटा होता त्याचा बिल्ला. परीक्षा जवळ आलेली. चौथ्या दिवशी सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, काय तडवी, फाटली का? सगळे हसले.”

राजहंस खाली बघत होता.

“सगळ्यात मोठ्याने कोण हसलं?”

राजहंस गठ्ठ्याचे कोपरे जुळवत बसला.

“त्याने बिल्ला सुलटा केला. मला म्हणाला, येस सर, फिट आहे सर. सॅल्यूटसुद्धा ठोकला. आणि गेला.”

बाहेर धावपट्टीवर वारा सुटला होता. वाऱ्याची दिशा दाखवणारा तो कापडी मोजा खांबावर फडफडत होता. पुष्पक कुठे पडलं, तेवढं मला माहीत होतं. तिथे आता बाभळी आहेत.

“त्याची आई आली होती,” मास्तर म्हणाले. “रडली नाही. मला म्हणाली, तीन दिवस ताप होता साहेब. तुमच्याकडे कोणी काही विचारत नाही, म्हणायचा. लई चांगली जागा आहे म्हणायचा.”

मास्तर परत येऊन खुर्चीत बसले. चहा निवला होता. तो तसाच प्यायले.

“मास्तर, ते तेव्हाचं... ते लहान विमान होतं. इथं कंपनी आहे. उद्या बावीसचे दोनशे होतील. खोटं बोलणारे निवडून काढायचे कसे मग?”

“मला नाही जमलं,” मास्तर म्हणाले. “काय रे, उद्या तुझ्या विमानात माणसं किती?”

“काय?” पुन्हा उजवा कान पुढे.

“माणसं. किती?”

“एकशे ऐंशी.”

मास्तर नुसते त्याच्याकडे बघत राहिले. राजहंसचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. नाक दाबून, गाल फुगवून त्याने कानात हवा भरून पाहिली. कान उघडला नाही. पुन्हा पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, कान उघडला नाही. बंद कानाने उडायचं नसतं, एवढं मीसुद्धा इथे शिकलोय.

मग तो उठला. पत्रांचा गठ्ठा टेबलावरच राहिला. फळीपाशी गेला. गंजलेल्या बिल्ल्याच्या खालच्याच खिळ्याला त्याचा स्वतःचा होता. उ. राजहंस. त्यावरची धूळ त्याने अंगठ्याने पुसली, आणि बिल्ला उलटा केला.

“मास्तर,” पाठमोराच तो म्हणाला, “दोन दिवस झाले, हा डावा कान—”

मास्तरांनी हात वर केला.

“मी कुठं विचारलं?”