चाकावरचं मुंडासं

त्या दिवशी ऊन असं होतं, की लिंबाची सावलीसुद्धा भिऊन लिंबाच्या बुडाशी चिकटली होती. वारा पडलेला, आणि विहिरीच्या कडेला चिमणी चोच उघडून बसलेली. फार वर्षांपूर्वीचं सांगतो, बरं का. तेव्हा आमच्या मोरवडात नळ नव्हता आणि विजेचा खांबही नव्हता.

गावाबाहेर थोरली विहीर होती. तिच्यावर दोन मोटा चालायच्या. एक येसबा हाकायचा, दुसरी सुभाना. त्यांनी ओढलेलं पाणी दगडी पाटानं गावच्या हौदात पडायचं. सगळ्या गावाची तहान या दोघांच्या हातात.

हौदाचा कारभारी होता खंडेराव. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. बैलांच्या त्यानं चार जोड्या ठेवल्या होत्या. एक दमली की सोडायची, दुसरी जुंपायची. माणसांची जोडी मात्र एकच. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत तीच. भाकरीसुद्धा मोट हाकता हाकता खायची.

त्या दुपारी काय झालं, बैल मागं सरत असताना सुभानाचा डोळा लागला. बैलांचे मागचे खूर पार विहिरीच्या काठाला आले. येसबानं धावत जाऊन वेसण धरली, म्हणून सुभाना वाचला आणि बैलही वाचले.

येसबानं आपली मोट थांबवली. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं, मोटेच्या चाकावर ठेवलं आणि लिंबाखाली भाकरीची गाठ सोडून बसला. पण घास उतरेना. काम गेलं तर पोरं काय खातील, हीच धास्ती. तेवढ्यात त्याची शेजारीण, लोहाराची गोदाक्का, ताकाचा तांब्या घेऊन आली. ती त्याला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली, ते शेवटी सांगतो. पण येसबा हसला, आणि घास उतरला.

खंडेराव तणतणत आला. "जत्रा तोंडावर आली आणि तू बसलास व्हय रं?"

"काढा मुंडासं आन् हाका, धनी."

खंडेरावानं मुंडासं धरलं, ते हलेना. चार गडी लावले, तरी हलेना. जात्याच्या तळीसारखं जड झालं होतं, असं म्हणतात. मग तो चिडून सुभानाची मोट स्वतः हाकायला लागला. सात मोटा ओढल्या, आठवीला नुसता चिखल आला, आणि बैल आपणहून खाली बसले. खंडेराव घामानं निथळत येसबाशेजारी टेकला. येसबानं त्याला अर्धी भाकरी दिली. ती खाऊन कारभारी असा घोरला, की लिंबावरची पाखरं उडून गेली, असं म्हणतात.

जागा झाला तर विहिरीचे झरे भरून आलेले, पाणी वरच्या पायरीला लागलेलं. येसबानं मुंडासं सहज उचलून डोक्याला बांधलं, मोटा पुन्हा चालल्या, आणि दिवेलागणीच्या आत हौद काठोकाठ भरला. दुसऱ्या दिवशी खंडेरावानं स्वतः माणसांची दुसरी जोडी ठेवली.

आता मोटा गेल्या. पण आमचा नळवाला दुपारी जेवायला बसला, की पंपाच्या दांड्यावर पांढरं फडकं टाकतो. वायरमन खांबावर चढताना खालच्या विजेच्या पेटीच्या दांड्याला तसंच फडकं बांधतो. ते फडकं तिथं आहे तोवर सरपंचसुद्धा त्याला हात लावत नाही. त्याला येसबाचं मुंडासं म्हणतात. आणि कामावरचा माणूस जेवायला बसला, की कुणीतरी ताक घेऊन येतं आणि तेच म्हणतं, जे गोदाक्का त्या दिवशी म्हणाली होती:

"येसबा, खा सावकाश. कामावर तुझं मुंडासं हाय की."