खांद्यांचे वारस

फार जुन्या काळी रोममध्ये सम्राट मेला की त्याच्या पुतळ्याचं फक्त डोकं बदलायचे. धड तेच राहायचं.

एकदा सम्राट वारस न नेमताच गेला. कारागिराने जुनं डोकं उतरवलं आणि दोन्ही मुलांची संगमरवरी डोकी चौथऱ्यावर ठेवली. एक वर बसणार होतं, दुसऱ्याचा चुना होणार होता.

"मी थोरला. खांदे माझे," एक डोकं म्हणालं.

"दादा, एवढ्या रुंद खांद्यांवर तू लिंबू ठेवल्यासारखा दिसशील," धाकटं म्हणालं.

ढकलाढकलीत दोन्ही खाली पडून फुटली. कारागिराने तुकडे चुन्याच्या भट्टीत पाठवले.

सकाळी लोक आले. डोकं नसलेल्या धडाला त्यांनी फुलं वाहिली, "सम्राटांचा विजय असो" म्हणाले आणि कामाला गेले.

"आता नवीन डोकं कधी?" कबुतराने धडाला विचारलं.

धडाने खांदे उडवले.