राहिलेला ठोका

पूर्वी कर्णिका नावाच्या नगरीत राजा दीर्घबाहू राज्य करत होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या दवंडीवाल्याच्या घरात जन्माला आला. त्याचं नाव सुघोष ठेवलं. मोठा झाल्यावर त्याने बापाचा ढोल गळ्यात घेतला आणि मेखला नावाच्या मुलीशी लग्न केलं. दोघांचं बरं चाललं होतं.

कर्णिकेत एक जुनी पद्धत होती. घरात कोणी गेलं की घरचं माणूस दवंडीवाल्याकडे यायचं, ढोलाच्या एका बाजूवर तळहात ठेवायचं आणि नाव सांगायचं. दवंडीवाला दुसऱ्या बाजूवर एकच ठोका द्यायचा आणि म्हणायचा, "अमुक गेला." ठोका पडेपर्यंत घरात कोणी रडायचं नाही, चूल विझवायची नाही. म्हातारी माणसं सांगत, की मेलेल्याला आपण मेलो हे आपोआप कळत नाही. आपल्या माणसाने सांगावं लागतं.

मग नगरीत खोकल्याची साथ आली.

सुरुवातीला बोधिसत्त्व सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठोके देत राहिला. तिष्य कुंभाराची बायको गेली, मग मुलं गेली. ढोलाचं कातडं एका बाजूला लोकांच्या हातांनी काळं पडलं. एके दिवशी त्याला राजवाड्यात बोलावणं आलं.

राजा सिंहासनावर बसला होता. बोलत मात्र होता महामात्य.

"महाराजांची आज्ञा आहे," महामात्य म्हणाला. "मेल्याची दवंडी आजपासून बंद. ठोक्याने लोक घाबरतात. तू रोज सकाळी चौकात एवढंच सांगायचं, की नगरात सगळं ठीक आहे, कोणीही मेलेलं नाही."

"पण महाराज, माझ्या दाराशी आत्ता माणसं उभी आहेत."

"असतील. परत पाठव."

राजा काही बोलला नाही. महामात्य वारा घालणाऱ्या दासीकडे वळला आणि म्हणाला, "जरा जोरात घाल. माश्या येतात."

दुसऱ्या सकाळपासून बोधिसत्त्व चौकात उभा राहून सांगू लागला, की कोणीही मेलेलं नाही.

त्याच सुमारास भद्रघट नावाच्या शेठने रानातलं सगळं लाकूड विकत घेऊन ठेवलं. सरणाच्या लाकडाला चंदनाचा भाव आला. गरिबांना ते परवडेना. लोक आपल्या माणसांना स्मशानात नुसतं ठेवून, हात जोडून परत येऊ लागले. तिष्य कुंभार स्वतः खोकून मेला तेव्हा शेजाऱ्यांनी त्यालाही असंच ठेवलं.

सकाळी तिष्य आपल्या चाकावर बसलेला होता. मडकं घडवत होता. खोकत होता. स्मशानाकडून त्याच्या दारापर्यंत मुंग्यांची एक सरळ रांग लागली होती.

शेजारीण धीर करून म्हणाली, "तिष्यभाऊ, तुम्ही काल गेलात."

"कुठे?" तिष्य म्हणाला.

आज्ञेप्रमाणे कोणीही मेलेलं नव्हतं. ती घरी गेली.

मग एकेक करून सगळेच परत येऊ लागले. ते पापणी हलवत नसत. पाण्याचा पेला तोंडाला लावत आणि तो भरलेलाच खाली ठेवत. ज्या दुखण्याने गेले ते दुखणं तसंच अंगात राहिलं होतं, त्यामुळे खोकत मात्र खूप. कुत्री नगर सोडून गेली. लोक पहिले काही दिवस घाबरले. मग म्हणू लागले, आज्ञा खरीच निघाली की. बघा, खरंच कोणी मेलेलं नाही. राजवाड्यासमोर जयजयकार झाला. राजा सज्जात आला, हात वर करून उभा राहिला. ऊन रणरणत होतं, पण त्याला घामाचा थेंबही आला नाही. एक कावळा येऊन त्याच्या मुकुटावर बसला तरी तो हलला नाही. "संकटात माणूस किती शांत आहे," लोक म्हणाले. "पाखरांचासुद्धा विश्वास आहे."

भद्रघट शेठने चौकात दुकान काढलं. राख आणि गूळ मिसळून काळ्या गोळ्या वळल्या आणि त्यांना संजीवन गुटी नाव दिलं. दुकानापुढे पहाटेपासून रांग लागायची. जिवंत माणसं गुटीने बरी होत नव्हती आणि मेलेली तर होणारच नव्हती, म्हणून रांग कधी संपायची नाही. गुटीच्या बदल्यात घराघरातली भांडी दुकानात जमू लागली. त्यातला वाटा महामात्याकडे जात होता, आणि महामात्य तो महाराजांच्या नावाने स्वीकारत होता.

रांगेत रोज भांडणं होत.

"अहो, तुम्ही मेलेले आहात ना? मग मागे व्हा की," तेलीण सामा म्हणायची. तिचा नवराही तिच्यामागे उभा असायचा, मुंग्यांसकट.

"कोण मेलं?" तिष्य म्हणायचा. "ठोका ऐकलास माझा?"

"ठोका बंद आहे."

"मग झालं तर. ही साथबीथ सगळी अफवा आहे. आमच्या आळीत एक माणूस मेलेला नाही."

"तुमच्या आळीत जिवंत कोण आहे ते सांगा."

"तुझ्यासारख्या बायकांमुळेच नगरीचं नाव खराब होतं," तिष्य म्हणायचा आणि बराच वेळ खोकायचा. मागचे लोक मान डोलवायचे. त्यांतले निम्मे पापणी हलवत नव्हते.

बोधिसत्त्व हे रोज बघत होता. तो काही करण्याच्या आत मेखला आजारी पडली.

ती एका दुपारी गेली. बोधिसत्त्वाने तिला उचलून स्मशानात नेलं, पिंपळाखाली ठेवलं, तिच्या अंगावर आपलं उपरणं घातलं. ढोल घरीच होता. तो परत आला तेव्हा चुलीपुढे मेखला बसलेली होती. उपरणं तिने घडी करून खुंटीला लावलं होतं.

"एवढा वेळ कुठे होतात?" ती म्हणाली. "भात निवला."

बोधिसत्त्व पाटावर बसला आणि जेवला. भात गार होता. तिचा हातही गार होता. पण तो तिचाच हात होता.

त्यानंतर तो सकाळी चौकात जाऊन कोणीही मेलेलं नाही असं सांगायचा, तेव्हा त्याचा आवाज आधीपेक्षा जरा मोठा लागायचा.

भद्रघट शेठच्या ते लक्षात आलं. त्याने बोधिसत्त्वाला बाजूला घेतलं.

"वहिनी कशा आहेत, सुघोषा?"

"घरी आहे."

"असू देत, असू देत. तुला गुटी फुकट. माणूस घरात दिसतंय, यापेक्षा जास्त काय पाहिजे? मला विचारशील तर मेलेलं गिऱ्हाईक सगळ्यात चांगलं. खात नाही, भांडत नाही, उद्या परत येतं." मग आठवून तो म्हणाला, "भांडतात थोडे. तो कुंभार भांडतो."

मेखला मात्र निवांत नव्हती. ती सारखं जातं फिरवायची. जात्यात दाणे नसायचे. खोकला आला की जात्यावर डोकं टेकायची, थांबला की पुन्हा फिरवायची. रोज म्हणायची, "उद्या बरं वाटेल मला." तिच्या केसांतून मुंग्या उतरायच्या आणि ती त्या एकेक उचलून दाराबाहेर सोडायची, हलक्या हाताने, जिवंतपणी सोडायची तशीच.

एकदा जातं थांबवून ती म्हणाली, "अहो, मला झोप का येत नाही?"

बोधिसत्त्व चुलीतली लाकडं पुढे सारू लागला.

"डोळे मिटतच नाहीत. छाती भरून येते आणि पुढे काही होतच नाही. दारात उभं राहावं आणि कोणी आतही घेऊ नये, जाही म्हणू नये, तसं झालंय." तिने त्याच्याकडे बघितलं. "गावाला सगळं तुम्ही सांगता. माझं काय झालंय ते मला सांगा ना."

बोधिसत्त्वाला कळलं, की गप्प राहिलो तर ही कायम आपल्याजवळ राहील. आणि कायम अशीच राहील. मग उठून त्याने ढोल गळ्यात घातला.

"चल," तो म्हणाला. "चौकात सांगतो."

चौकात नेहमीची रांग होती. लोक नेहमीच्या दवंडीची वाट बघत होते, म्हणजे ऐकत नव्हते. बोधिसत्त्वाने डावा तळहात ढोलाच्या काळ्या बाजूवर ठेवला. आपल्याच ढोलावर घरचं माणूस म्हणून हात ठेवायची त्याची ही पहिली वेळ. उजव्या हाताने त्याने एक ठोका दिला. तो हाताला लागला, आणि तिथून खांद्यापर्यंत गेला.

"मेखला गेली," तो म्हणाला.

रांगेतल्या माना वळल्या. मेखलाने ऐकलं. तिचा खोकला थांबला.

"एवढंच होतं होय," ती म्हणाली. "मग आधी नाही का सांगायचं." ती शेठच्या दुकानाच्या पायरीवर आडवी झाली, हात उशाशी घेतला आणि तिचे डोळे मिटले. मुंग्या तिला सोडून निघून गेल्या.

बोधिसत्त्व तिच्याजवळ बसून रडला. नगरीत कितीतरी काळाने कोणी रडत होतं. लोकांना तो आवाज ओळखायला वेळ लागला.

"पकडा त्याला," शेठ म्हणाला. "गिऱ्हाईक पाडतोय."

कोणी हललं नाही. मग तेलीण सामा रांगेतून बाहेर आली. तिने ढोलावर हात ठेवला आणि नवऱ्याचं नाव घेतलं. ठोका पडला. तेली हसला, असं काहींनी सांगितलं. इतर म्हणतात तो नुसताच खाली बसला. त्यानंतर दुकानापुढची रांग वळली आणि ढोलापुढे लागली. तिथेही लोक ढकलाढकली करत होते. "मी आधी आलोय," जिवंत म्हणत. "तुमचं माणूस कुठे पळून जाणार आहे?" मागचे म्हणत. ठोका पडायचा, कोणी पायरीवर, कोणी गटाराच्या कडेला, कोणी आईच्या मांडीवर झोपायचं. चौक भरला. खोकला कमी होत गेला.

शेवटी तिष्य कुंभार पुढे आला.

"अफवा आहे सगळी," तो म्हणाला.

"हो," बोधिसत्त्व म्हणाला.

तिष्य ढोलाच्या जवळ सरकला. "माझं घरचं कोणी राहिलं नाही. मीच हात ठेवला तर चालेल का?"

तशी पद्धत नव्हती. बोधिसत्त्वाने ढोल पुढे केला. तिष्यने मातीने माखलेला तळहात त्यावर ठेवला, आणि बोधिसत्त्वाने त्यावर आपला हात ठेवून दुसऱ्या हाताने ठोका दिला. तिष्यचा खोकला थांबला आणि तो तिथेच आडवा झाला.

एवढ्यात सैनिक घेऊन महामात्य आला. वर सज्जात राजा आलेला होताच. रोजच्यासारखा हात वर, मुकुटावर कावळा.

"महाराजांच्या आज्ञेचा भंग झालाय," महामात्य म्हणाला. "याचे दोन्ही हात तोडा."

सैनिक पुढे झाले. पण गर्दी बाजूला होऊ लागली होती. राजवाड्याच्या पायऱ्या उतरून राजमाता येत होती, अनवाणी, काठी टेकत. ती ढोलापाशी आली आणि तिने आपला सुरकुतलेला हात त्यावर ठेवला.

महामात्याचा चेहरा उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, "राजमाता, राज्याचा विचार करा."

"केला," ती म्हणाली. "साथ आली त्याच आठवड्यात गेला तो. मला म्हणालास, चार दिवस गप्प राहा. तुझे चार दिवस संपेनात." तिने वर बघितलं. "लहानपणापासून झोप फार प्यारी होती त्याला. किती दिवस हात वर करून उभा केलायस माझ्या पोराला."

मग ती बोधिसत्त्वाला म्हणाली, "दीर्घबाहू."

ठोका पडला.

सज्जातल्या राजाने हात खाली घेतला. दुखरा दंड चोळला. खाली जमलेल्या प्रजेकडे पहिल्यांदाच नीट बघितलं, आणि कठड्याला टेकून झोपी गेला. कावळा उडाला.

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "कावळा तर कधीचाच शिवला होता."

"मग बोललात का नाही, आजोबा?"

"मला वाटलं तुम्हाला दिसत असेल."

सैनिकांनी तलवारी म्यान केल्या. महामात्य कोणत्या वेशीतून निघून गेला ते कोणी बघितलं नाही. शेठने अडवलेलं लाकूड लोकांनी उचललं आणि सगळ्यांचं नीट दहन केलं. मेखलाच्या चितेला बोधिसत्त्वाने अग्नी दिला, आणि त्या दिवशी घरची चूल विझवली.

संध्याकाळी भद्रघट शेठ त्याच्या दाराशी आला. गर्दी नव्हती तेव्हा तो बराच लहान दिसत होता.

"सुघोषा," तो म्हणाला, "आज दुपारी पाणी प्यायलो. पेला भरलेलाच राहिला. मला वाटतं मी लक्ष दिलं नसेल. पण एकदा माझ्या नावाने वाजवून बघ. काही झालं तर झालं."

"घरचं माणूस आणा, शेठ. हात त्याने ठेवायचा असतो."

"तिष्यला चाललं की, स्वतःचा हात."

"त्याचं कोणी राहिलं नव्हतं. तुमचं घर भरलेलं आहे."

शेठ घरी गेला. बायको म्हणाली, "दुकानाच्या किल्ल्या आधी ठेवा." मुलगा म्हणाला, "बाबा, गोदामाचा निकाल लागू दे, मग बघू." भाऊ म्हणाला, "वाजवलं आणि तू जिवंत निघालास तर? हसं होईल." कोणी आलं नाही. शेठ दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला, मेखला जिथे झोपली होती तिथे, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला विचारू लागला, की मी तुला घरच्यासारखाच नाही का.

ही गोष्ट भिक्षूंना आणि जमलेल्या लोकांना सांगून त्यांचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची मेखला म्हणजे यशोधरा. तिष्य कुंभार म्हणजे आनंद. महामात्य म्हणजे देवदत्त. राजमाता म्हणजे महाप्रजापती, आणि सुघोष दवंडीवाला म्हणजे मीच."

एका भिक्षूने विचारलं, "भंते, आणि भद्रघट शेठ? तो या जन्मी कोण आहे?"

"तो अजून जन्माला आलेला नाही," शास्ते म्हणाले. "त्यासाठी आधी मरावं लागतं. त्याला अजून घरचं माणूस मिळालेलं नाही."

जे प्रिय आहे ते गमवावं लागलं तरी आहे ते आहे तसं सांगणं, ही सत्यपारमिता. त्या जन्मी बोधिसत्त्वाने ती पूर्ण केली. भिक्षूंनी साधू, साधू म्हटलं. लोक उठले आणि घरी निघाले. जाताना प्रत्येकजण थोडं अंतर गेल्यावर, सहज बघितल्यासारखं करून, आपल्या मागे मुंग्यांची रांग नाही ना ते बघून घेत होता.