हलगी शेकण्याचा आवाज

मोठ्या माणसांना नेहमी दुसऱ्याचंच बोलणं लांबलचक वाटतं. मिरजेच्या चार मुलींच्या बँडला हे पहिल्या अल्बमच्या वेळीच कळलं.

अल्बम काढायला संगीत कंपनीचे मालक गुळवणीसाहेब राजी झाले होते. अट एकच. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला विस्तवावर हलगी शेकल्याचा मिनिटभर आवाज होता, तो कापायचा.

"लोकांना वेळ नसतो, पोरी. थेट गाण्यावर ये."

"साहेब, शेकून कातडं ताणल्याशिवाय हलगी बोलतच नाही," हलगीवाली तेजल म्हणाली.

साहेबांनी ते कानाआड केलं आणि प्रकाशन समारंभात वाचायचा स्वतःचा परिचय तिच्या हातात ठेवला. चांगली तीन पानं! "यातला एक शब्दही गाळू नकोस."

तेजलने पानं शांतपणे वाचली, पेन काढलं आणि शेवटी लिहिलेलं साहेबांचं नाव तेवढं ठेवून बाकी सगळ्यावर काट मारली.

साहेब ताडकन उठले. "अगं, आधीचं सगळं कापलंस, तर पुढे येणारा माणूस कोण हे लोकांना कळणार कसं?"

"आमच्या गाण्याचंही तेच आहे, साहेब."

साहेब खाली बसले. खोडलेली पानं त्यांनी बाजूला सारली. मग हळूच म्हणाले, "तो आवाज पुन्हा लाव बघू."

आणि पहिल्यांदाच त्यांनी तो पुरता ऐकला.